मुख्याध्यापकांना वर्गात जायला वेळ कधी?

जिल्हा परिषदेच्या पहिली ते पाचवीच्या शाळेत पटावर १४५ मुलं असली, तर त्या शाळेला मुख्याध्यापकाचं पद मिळत नाही. खोलीच्या दारावर पाटी असते, टेबलाच्या खणात शिक्का असतो, दाखल्यांवर सही करावी लागते, चूक झाली तर नोटीसही येते. फक्त पद नसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात हिशेब मांडून ठेवलेला आहे : प्राथमिक शाळेचा पट दीडशेच्या वर गेला, तर पाच शिक्षक आणि वर एक स्वतंत्र मुख्याध्यापक. सहावी ते आठवीसाठी हीच रेघ शंभरावर आहे. रेघेच्या अलीकडे राहिलेल्या शाळेत जो सेवाज्येष्ठ असेल त्याच्या गळ्यात ‘प्रभारी मुख्याध्यापक’ ही माळ पडते. वर्ग मात्र सुटत नाही. तिसरी-चौथी शिकवता शिकवताच शाळा चालवायची.

ही काही अपवादाने आढळणारी गोष्ट नाही. महाराष्ट्रात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचा आकडा २०२३ मध्ये समूह शाळांच्या चर्चेत पुढे आला होता. अशा शाळेत बहुधा दोन शिक्षक असतात. त्यातले एक गुरुजी किंवा बाई म्हणजेच मुख्याध्यापक, लिपिक, भांडारपाल आणि वेळप्रसंगी शिपाई. प्राथमिक शाळेला लिपिक नसतो, हे शहरातल्या पालकांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

शाळा भरल्यापासून काय काय होतं ते पाहू. परिपाठ आटोपतो, हजेरी होते, आणि हजर मुलांवरून तांदळाचा हिशेब सुरू होतो. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. बासष्ट मुलं आली तर सहा किलो दोनशे ग्रॅम तांदूळ मोजून द्यायचा, डाळ-तेल-मसाला वेगळा, आणि शिल्लक साठा नोंदवहीत उतरवायचा. खिचडी शिजली की मुलांच्या आधी कुणीतरी ती खायची आणि चव नोंदवहीत सही करायची. नंतर किती मुलं जेवली ते ॲपवर भरायचं. रेंज नसेल तर फोन घेऊन शाळेच्या कुंपणापर्यंत जायचं. तेवढ्यात व्हॉट्सॲपच्या गटावर ‘अति तातडीचे’ म्हणून निरोप पडतो : अमुक माहिती दुपारी बारापर्यंत, विहित नमुन्यात. ती माहिती गेल्या महिन्यातही दिलेली असते, फक्त तक्त्याचे रकाने वेगळे असतात. यू-डायस, आधार जुळणी, संचमान्यता, शिष्यवृत्ती, गणवेश, समग्र शिक्षाच्या अनुदानाची कीर्द. शंभरापर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला पंचवीस हजार आणि तिसाच्या आतल्या शाळेला दहा हजार रुपये अनुदान येतं. त्यातून खडूपासून नळाच्या तोटीपर्यंत सगळं भागवून प्रत्येक पावतीचा हिशेब ठेवायचा. मधेच एखादी आजी नातवाच्या जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी येऊन बसते. जनरल रजिस्टर काढलं की अर्धा तास गेला.

यातलं एकही काम फालतू नाही. पोरांच्या ताटात काय पडतं ते कुणीतरी पाहिलंच पाहिजे, आणि जनरल रजिस्टरातली एक चुकीची नोंद माणसाला जन्मभर छळते. अडचण इतकीच की या सगळ्यात मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसण्याची वेळ कुठेच येत नाही. आणि शाळेला मुख्याध्यापक असण्याचा फायदा मुलांच्या शिकण्यात नेमका कुठून उतरतो, याचा शोध घेणाऱ्यांना उत्तर सापडलं आहे ते त्याच जागी.

न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. मुख्याध्यापक करतात त्या कामांचे त्यांनी गट पाडले : ध्येय ठरवणं, साधनसामग्री मिळवणं, अध्यापनाचं नियोजन आणि पाहणी, शिस्तीचं वातावरण राखणं, वगैरे. मुलांच्या प्रगतीशी सगळ्यात घट्ट नातं निघालं ते शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापकाने स्वतः सहभागी होण्याचं. प्रशिक्षणाला माणसं पाठवणं वेगळं आणि त्यांच्याबरोबर बसून शिकणं वेगळं. अमेरिकेत २०२१ मध्ये जेसन ग्रिसम आणि सहकाऱ्यांनी वॉलेस फाउंडेशनसाठी केलेल्या मांडणीत अंदाज असा आहे की, खालच्या पाव हिश्श्याच्या रेषेवरचा मुख्याध्यापक जाऊन वरच्या पाव हिश्श्याच्या रेषेवरचा आला, तर शाळेतल्या सरासरी मुलाला गणितात वर्षाकाठी २.९ महिन्यांच्या आणि वाचनात २.७ महिन्यांच्या जादा शिक्षणाइतका लाभ होतो. एखाद्या चांगल्या शिक्षकाचा परिणामही मोठाच असतो, पण तो त्याच्या वर्गापुरता. मुख्याध्यापकाचा परिणाम शाळेतल्या प्रत्येक मुलावर होतो.

वर्गात जाऊन बसल्याने काय साधतं? दुसरीचा वर्ग घ्या. फळ्यावर ५२ वजा २७. बाई शिकवतायत, मुलं पाटीवर सोडवतायत. मागच्या रांगेत पोरांशेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांना दिसतं की चार-पाच पाट्यांवर उत्तर ३५ आहे. बाई फिरत येतात, चूक म्हणून फुली मारतात, बरोबर उत्तर सांगतात, पुढे जातात. पण पस्तीस हे उत्तर अंदाजपंचे आलेलं नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलांनी सातातून दोन काढले. मग पाचातून दोन. त्यांच्या डोक्यात एक नियम तयार झाला आहे : मोठ्यातून लहान काढायचा. बाईंना समोर तीस पाट्या असताना हे दिसणं कठीण. मागे बसलेल्याला सहज दिसतं. तास संपल्यावर वऱ्हांड्यात दहा मिनिटं बोलणं होतं, दुसऱ्या दिवशी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे वर्गात येतात, पाच गठ्ठ्यांतला एक सोडून सुट्या काड्या करायला मुलं शिकतात. ‘दशक मोडणे’ हा शब्द तेव्हा कुठे हाताला लागतो. आठवड्याने मुख्याध्यापक पुन्हा डोकावतात. एवढंच काम आहे. त्याला शाळेच्या भाषेत पाठनिरीक्षण म्हणतात आणि त्याची नोंद लॉगबुकात होते. मी पाहिलेल्या लॉगबुकांत मात्र ‘अध्यापन समाधानकारक, फलकलेखन सुवाच्य, साधनांचा वापर करावा’ ही तीन वाक्यं वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या शाईत, उतरवलेली आढळतात.

या पदावर माणूस येतो कसा, हेही पाहायला हवं. खासगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली आहे. माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक व्हायला पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. त्यात निवड सेवाज्येष्ठतेने. ज्येष्ठतेचा नियम उगाच आलेला नाही. तो नसता तर संस्थाचालकांचे भाचे-पुतणे त्या खुर्चीत दिसले असते, आणि पळवाट मिळेल तिथे दिसतातही. पण त्याची किंमतही आहे. निवृत्तीचं वय ५८. अनेकांना खुर्ची मिळते ती पंचावन्न-छपन्नाव्या वर्षी; पहिलं वर्ष कारभार समजून घेण्यात आणि शेवटचं पेन्शनचे कागद जमवण्यात जातं. हायस्कुलात निदान पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक अशा पायऱ्या आहेत, तिथे हात बसतो. प्राथमिकला मधली पायरीच नाही. काल चौथीला भूगोल शिकवणारे गुरुजी आज कॅशबुकावर सही करतात, आणि ते कसं लिहायचं हे त्यांना शेजारच्या गावच्या गुरुजींनी फोनवर सांगितलेलं असतं.

अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक निवडीचं जे स्वातंत्र्य आहे त्यावर केरळातल्या एका शाळेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १९९८ च्या त्या निकालात न्यायालयाने मुख्याध्यापकाची तुलना चाकाच्या तुंब्याशी केली : सगळे आरे त्याच्यात बसवलेले. संस्थेचा कारभार या एका माणसावर इतका अवलंबून असतो, म्हणून त्याची निवड हा संस्थेच्या हक्काचा गाभा, असा तो तर्क. बाकीच्या हजारो शाळांत हा तुंबा जन्मतारीख आणि रुजू दिनांक पाहून बसवला जातो, याकडे मात्र आपण नियम म्हणून पाहतो.

मुख्याध्यापकाच्या वर एक उतरंड आहे. दहा-एक शाळांना केंद्रप्रमुख, त्यावर बीटाचा विस्तार अधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी, विभागाला उपसंचालक, आणि पुण्यात आयुक्त. कागदावर यातल्या खालच्या तिघांचं मुख्य काम शैक्षणिक पर्यवेक्षण हेच आहे. पण या उतरंडीचा स्वभाव घडला तो निराळ्या काळात. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खातं आणि निरीक्षक आले. पुढे खासगी शाळांचं अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरू लागलं : निरीक्षक येणार, मुलांची परीक्षा घेणार, पास झालेल्या डोक्यांवर पैसे. साहजिकच साहेब आला की अंगण सारवायचं, हुशार पोरं पुढे बसवायची आणि कच्ची घरी ठेवायची, ही रीत पडली. गावोगावच्या तोंडी ‘दिपोटी’, म्हणजे हा डेप्युटी निरीक्षक, हा धाकच होता. दिपोटी गेले, पण तपासणीच्या आदल्या दिवशी रजिस्टरं पुरी करण्याची घाई गेली नाही.

केंद्रशाळेच्या कल्पनेमागे हा धाक मोडण्याचाच विचार होता. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शाळासमूहाची कल्पना मांडली : एका हायस्कूलभोवती आसपासच्या प्राथमिक शाळा, त्यांचे शिक्षक एकमेकांना मदत करणारे, साहित्य वाटून घेणारे. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. ग्रामीण शाळा त्यांना आतून ठाऊक होत्या. महाराष्ट्राने नव्वदच्या दशकात ४,८६० केंद्रप्रमुखांची पदं निर्माण केली, तेव्हा अपेक्षा होती की हा अधिकारी महिन्याला शिक्षण परिषद भरवेल, शाळांत जाऊन पाठ घेऊन दाखवेल. प्रत्यक्षात २०२३ मध्ये परीक्षा परिषदेने विभागीय परीक्षेची जाहिरात काढली ती २,३८४ जागांसाठी, म्हणजे एकूण पदांच्या जवळजवळ निम्म्या. ती परीक्षाही लांबणीवर पडली. रिकाम्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार मग दुसऱ्याच मुख्याध्यापकाकडे किंवा पदवीधर शिक्षकाकडे जातो. त्याचीही शाळा आहे, वर्ग आहे. असा प्रभारी केंद्रप्रमुख टपाल गोळा करतो आणि टपाल वाटतो. पाठ घेऊन दाखवणार कधी?

या रिकाम्या खुर्च्या महागात पडतात. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली देशातल्या १,२९७ खेड्यांत केलेल्या पाहणीत, अचानक भेट दिली तेव्हा २३.६ टक्के शिक्षक शाळेत नव्हते. यात रजेवर किंवा सरकारी कामावर गेलेलेही आले, तेव्हा सगळ्यांना कामचुकार म्हणण्यात अर्थ नाही. लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी : ज्या शाळांत वरिष्ठांच्या भेटी वाढल्या तिथे गैरहजेरी कमी झालेली दिसली. मुलांना शिक्षकाचा सहवास मिळवून देण्याचा खर्च धरला, तर जास्त शिक्षक नेमण्यापेक्षा भेटी वाढवणं दहापटीहून अधिक किफायतशीर ठरतं, असं त्यांचं गणित आहे. पद रिक्त ठेवून वाचवलेला पगार ही बचत नाही.

पण नुसती भेट पुरते का? मध्य प्रदेशात याची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली. ‘शाला सिद्धी’ नावाच्या कार्यक्रमात शाळांचं सविस्तर मूल्यमापन करायचं, त्रुटी काढायच्या, मुख्याध्यापकांनी शाळा विकास आराखडा लिहायचा आणि अधिकाऱ्यांनी पाठपुरावा करायचा, अशी नेटकी रचना होती. मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी १,७७४ शाळांमध्ये तिचा परिणाम तपासला. मूल्यमापनं झाली. आराखडे लिहिले गेले, चांगले लिहिले गेले. वर्गातलं शिकवणं, शिक्षकांची हजेरी, मुलांचे गुण यांत काहीही फरक पडला नाही. आराखडा अपलोड झाला की काम संपलं, असाच अर्थ खालपासून वरपर्यंत सगळ्यांनी घेतला होता. त्याहून मजेची गोष्ट पुढची : हे निष्कर्ष येईपर्यंत कार्यक्रम यशस्वी मानून देशभरातल्या सुमारे सहा लाख शाळांत नेण्याचं ठरलंही होतं.

याच्या अगदी उलट टोकाला सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट आहे. प्रतिभा भराडे तिथल्या तेव्हाच्या विस्तार अधिकारी. उतरंडीतलं मधलं, फारशा अधिकाराचं नसलेलं हे पद. बदली, बढती, निधी काहीच हातात नाही. चाळीसेक शाळांच्या त्या बीटात भराडे यांनी शिक्षकांबरोबर ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभं केलं. वर्गातल्या टेबल-खुर्च्या हलल्या, शिक्षक मुलांशेजारी फरशीवर बसू लागले, फरशीवर संख्यारेषा आणि शब्दांची रेखाटनं आली, मण्यांच्या माळा आणि काड्यांचे गठ्ठे रोजच्या वापरात आले. कुठल्या मुलाला काय येतं आणि काय येत नाही, यावर शिक्षक आणि अधिकारी एका पातळीवर बसून बोलू लागले. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून कुमठ्याला पाहायला गेले. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, त्यामागे कुमठ्याच्या अनुभवाचा मोठा हात होता.

मग जे व्हायचं तेच झालं. राज्यात पुष्कळ ठिकाणी फरशा रंगल्या. ऑइलपेंटने संख्यारेषा काढल्या, फोटो गटावर गेले, शाळा ‘प्रगत’ म्हणून घोषित झाल्या, आणि मुलं रंगवलेल्या फरशीवर रांगेत बसून पाढे म्हणू लागली. फरशी रंगवायला एक रविवार पुरतो. कुमठ्यात वर्षानुवर्षं वर्गात येऊन बसणारी एक अधिकारी होती, आणि तिचं प्रतिरूप शासन निर्णयाने काढता येत नाही. निदान तिच्यासारखी माणसं त्या जागी पोहोचतील आणि पोहोचल्यावर त्यांना वेळ मिळेल, एवढं तरी करता येतं.

वरच्या अधिकाऱ्याचं काम मुख्याध्यापक घडवणं हेच आहे असं मानून काही ठिकाणी रचनाच बदलली गेली. अमेरिकेत प्रत्येक शिक्षण जिल्ह्याला एक सुपरिंटेंडंट असतो आणि शाळांचे प्रिन्सिपल निवडण्यात त्याचा शब्द मोठा असतो. २०११ पासून न्यूयॉर्क, डेन्व्हर, शार्लट अशा सहा मोठ्या जिल्ह्यांनी भावी प्रिन्सिपल आधीपासून हेरायचे, त्यांना तयार करायचं, आणि नेमल्यावर पहिली काही वर्षं अनुभवी माणूस सोबत द्यायचा, असा कार्यक्रम घेतला. रँड संस्थेने २०१९ मध्ये मोजलं, तेव्हा नव्या प्रिन्सिपलच्या या शाळा तीन वर्षांनी वाचनात तुलनेच्या शाळांपेक्षा सहा पर्सेंटाइल अंकांनी आणि गणितात जवळपास तीन अंकांनी पुढे होत्या. आपल्याकडे २०१२ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय शाळा नेतृत्व केंद्र सुरू झालं आणि छत्रपती संभाजीनगरची राज्य शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था तर त्याच्याही आधीची. प्रशिक्षणं होतात. पण ती बहुतेक पद मिळाल्यानंतर होतात, आणि प्रशिक्षणाहून परतलेल्या गुरुजींच्या टेबलावर तीच ‘अति तातडीची’ माहिती वाट पाहत असते.

अशा वेळी दत्तात्रय वारे यांच्यासारख्या माणसांकडे बोट दाखवलं जातं. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा त्यांच्या काळात राज्यभर गाजली. नंतर ते खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले, जिथे पटावर बोटांवर मोजण्याइतकी मुलं होती. गावाला हाताशी धरून तीही शाळा उभी राहिली, आणि २०२५ मध्ये टी-फोर एज्युकेशनच्या जागतिक पुरस्कारांत तिला लोकपसंतीचा मान मिळाला. एकच माणूस दोन गावांत तेच करून दाखवतो, तेव्हा मुख्याध्यापकाने फरक पडतो की नाही हा वाद मिटायला हरकत नाही. मात्र अशा उदाहरणांचा उपयोग व्यवस्था स्वतःला माफ करण्यासाठी करते : पाहा, इच्छा असली की होतं. चौदा-पंधरा हजार छोट्या शाळांना इतकी जिद्दी माणसं पुरवणारा कारखाना कुठेही नाही. साध्या, प्रामाणिक, मध्यम कुवतीच्या मुख्याध्यापकाला आठवड्यातून तीन तास दुसऱ्याच्या वर्गात बसता यावं, असं काहीतरी हवं.

त्याला फार मोठा शोध लागत नाही. एका केंद्राच्या दहा शाळांमागे एक लिपिक दिला तर तक्ते, पोर्टल, दाखले यांचा मोठा भार एका टेबलावर जाईल. एकदा भरलेली माहिती पुन्हा मागायची नाही, असा नियम जिल्हा स्तरावर पाळता येईल. केंद्रप्रमुखांच्या रिकाम्या जागा भरल्या तर प्रभारी गुरुजी आपल्या वर्गात परत जातील. यातलं काहीच शाळेच्या हातात नाही, हे खरं.

शाळेच्या आणि गावाच्या हातात आहे ती शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात, सदस्यांत निम्म्या महिला, अध्यक्षही पालकांतलाच. मुख्याध्यापक तिचे सचिव. महिन्याच्या सभेत विषय बहुतेक ठरलेले : शौचालयाची दुरुस्ती, संरक्षक भिंत, खिचडी, स्नेहसंमेलनाची वर्गणी. त्या यादीत एक विषय घालायला कुणाची परवानगी लागत नाही : या महिन्यात मुख्याध्यापकांनी कुणाचे किती पाठ पाहिले आणि काय आढळलं. उत्तर ‘एकही नाही’ असं आलं, तर लगेच पुढचा प्रश्न विचारायचा, की मग तो वेळ कशात गेला. ती यादी ठरावात लिहून, समितीच्या शिक्क्यानिशी, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे पाठवता येते, आणि तिची पोच घेता येते.